‘भीषण’च्या जागी

भूकंपावर लिहायचं म्हटलं की आम्ही सगळे ‘भीषण’ लिहितो. किल्लारीवरच्या निबंधात मीही तेच लिहिलं. सरांनी त्याखाली रेघ मारून विचारलं, “यातून काय कळलं?” विशेषण नामाबद्दल जादा माहिती देतं, माझ्या ‘भीषण’ने काहीच दिली नव्हती.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. जमीन हादरली आणि दगडमातीच्या जाड, जड भिंती त्यांच्यावर कोसळल्या. हजारो माणसं का गेली, हे ‘जाड’ आणि ‘जड’ ही साधी विशेषणं सांगतात. ‘पहाटे’ हे क्रियाविशेषणही सांगतं.

‘मुसळधार’ मात्र फसवं. ‘मुसळधार पाऊस’मध्ये ते विशेषण, ‘पाऊस मुसळधार कोसळला’मध्ये क्रियाविशेषण. माझे दोन मार्क तिथेच गेले.