भोजनगृहातील अप्रमाद

निवासी शाळेच्या भोजनगृहात रोज जळणारा एलपीजी हा दाबाखाली द्रवरूप केलेला प्रोपेन-ब्युटेन वायू होय. गळतीत एक लिटर द्रवाचा सुमारे २५० लिटर वायू होतो. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो आणि हवेत सुमारे २ टक्के झाला तरी एका ठिणगीने पेटतो. ५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठणे येथील कारखान्यात इथेन-प्रोपेनच्या गळतीतून झालेल्या स्फोटात ३० हून अधिक जणांचे प्राण गेले.

मूळ वायूला वास नसतो. इशारा मिळावा म्हणूनच त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. वास येताच विजेचे बटण चालू वा बंद करू नये. शेगड्या विझवून रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर न्यावे व बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावे. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा, तळघरात कधीही ठेवू नये. झरोके जमिनीलगतही असावेत.

तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा होता. पंचवटीत मुलांना भेटावयास येणाऱ्या पालकांनी त्यांच्या अभ्यासाबरोबरच भोजनगृहातील या झरोक्यांचीही विचारपूस करावी. मुलांसाठी अन्न शिजविणाऱ्या हातांप्रती तीही मैत्रीच होय.