सफरचंदाचा पाव... धडगावच्या चुलीवर!

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर पोटात घाला. पोटात घालायचीच गोष्ट आज सांगणार आहे.

आमच्या शाळेत आठवीला 'कुकिंग क्लास' होता. तिथे सफरचंद आणि दालचिनी घातलेला एक गोड पाव आम्हाला शिकवला होता. ओव्हन शाळेचा, मापं टीचरची, आम्ही फक्त ढवळायचं काम केलं. तेवढ्या भांडवलावर मी होस्टेलमध्ये "मला बेकिंग येतं" असं दोन वर्षं सांगत फिरत होते. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या रूममेटने मला तिच्या घरी नेलं आणि माझं पितळ उघडं पडलं.

तिचं घर धडगावला. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं हे मुख्य गाव, चारी बाजूंनी सातपुडा. तळोद्याकडून चांदसैली घाट ओलांडून तिथे जाता येतं. घाटात माझी जी अवस्था झाली ती इथे लिहीत नाही. घरी पोचल्यावर मैत्रिणीने आईला सांगितलं, "हिला पाव करता येतो, सफरचंदाचा!" झालं! मावशींनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून चार सफरचंदं आणली. काश्मीर-हिमाचलचं फळ इतक्या डोंगरात येईपर्यंत स्वस्त राहत नाही. त्या घरात ती रोज येणारी वस्तू नव्हती, हे मला मैत्रिणीच्या धाकट्या भावाच्या चेहऱ्यावरून कळलं. आता माघार नाही!

हा पाव नेहमीच्या पावापेक्षा वेगळा. बेकरीच्या पावात यीस्ट असतं. यीस्ट म्हणजे जिवंत बुरशी. ती साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि त्याने पीठ फुगतं. या कामाला काही तास लागतात. आपल्या पावात यीस्ट नाही. तोच वायू खाण्याच्या सोड्यापासून काही मिनिटांत मिळतो, म्हणून याला इंग्रजीत 'क्विक ब्रेड' म्हणतात. ही युक्ती फार जुनी नाही. अमेलिया सिमन्स या बाईंच्या १७९६ सालच्या अमेरिकन पाककृतींच्या पुस्तकात लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार पिठात घालायला सांगितला आहे. पुढे १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर बनवली. कारण काय, तर त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं! (असा नवरा मिळायला भाग्य लागतं.) दालचिनीचीही गंमत आहे. तिचा वास ज्या सिनामाल्डिहाइडमुळे येतो, ते यीस्टची वाढ रोखतं. इथे यीस्टच नाही, त्यामुळे दालचिनी हवी तेवढी घाला.

आता माझे प्रयोग.

प्रयोग पहिला. माझ्या वहीत दीड चमचा बेकिंग पावडर लिहिली होती. ती घरात नव्हती, खाण्याचा सोडा होता. मी म्हटलं, एकच की! दीड चमचा सोडा घातला, दुधात पीठ भिजवलं, दोन सफरचंदं चिरून टाकली आणि कुकरमध्ये ठेवलं. पाव काळपट तपकिरी झाला आणि चवीला चक्क साबण! सगळ्यांनी एकेक तुकडा मुकाट्याने संपवला. कोणी काही बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. शेवटी मावशींनी विचारलं, "पोरी, यात आंबट काय घातलं होतं?" मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, "भज्यात सोडा जास्त पडला की असंच लागतं."

फर्स्ट इयरला केमिस्ट्रीत चांगले मार्क असलेल्या मुलीला हे भज्यांवरून कळावं! सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्ल भेटलं तर प्रत्येक रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो. आम्ल नसेल तर तो फक्त उष्णतेने फुटतो आणि मग दोन रेणूंमागे वायूचा एकच रेणू मिळतो. हिशोब करून बघा. अर्धा चमचा सोडा म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. पुरेसं आम्ल असेल तर त्यातून जवळजवळ ७०० मिलीलिटर वायू मिळतो, नसेल तर त्याच्या निम्मा. शिवाय मागे उरतो सोडियम कार्बोनेट, म्हणजेच धुण्याचा सोडा! साबणाची चव उगाच नव्हती. पाव काळपट पडला त्यालाही तोच कारण, कारण अल्कलीत पदार्थ लवकर तपकिरी होतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल मापात मिसळलेलं असतं. सोडा तिच्या तीन-चार पट जोरदार असतो, म्हणून चमच्याला चमचा अशी अदलाबदल चालत नाही.

मावशींनी डब्यातून आमचूर काढून दिलं. अक्राणीत आंब्याची झाडं भरपूर. उन्हाळ्यात घरोघरी कैऱ्या सोलून, फोडी करून वाळवतात आणि ते आमचूर व्यापाऱ्यांना विकतात. त्यातलंच थोडं घरी ठेवलेलं होतं. गंमत म्हणजे कैरीत जी आम्लं असतात त्यातलं एक मॅलिक आम्ल, आणि या आम्लाला नाव मिळालं ते सफरचंदावरून! कार्ल शीले या शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये ते सफरचंदाच्या रसातून वेगळं काढलं होतं. म्हणजे सफरचंदाचा आंबटपणा मावशींच्या डब्यात आधीपासून होता.

प्रयोग दुसरा. आता अर्धाच चमचा सोडा, आंबट ताक आणि आमचूर. सगळं कालवलं आणि गॅस पेटवायला गेले तर सिलिंडर संपलेला! चूल पेटवली. लाकडं जळून चांगले निखारे पडेपर्यंत पाऊण तास गेला. पीठ तोवर पातेल्यात वाट बघत होतं. पाव चवीला छान झाला, पण वीट! जमिनीत पुरला असता तर पुरातत्त्व खात्याला सापडला असता.

कारण सोपं आहे. आंबट आणि सोडा ओल्यात भेटले की घड्याळ सुरू होतं. बुडबुडे लगेच यायला लागतात आणि वर येऊन फुटतात. त्यांना आत अडकवायचं तर पीठ वेळेत घट्ट व्हायला हवं. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगायला लागतो, मग प्रथिनंही घट्ट होतात आणि बुडबुड्यांभोवती भिंती तयार होतात. माझ्या पावात भिंती बांधायला गवंडी आले तेव्हा बुडबुडे निघून गेले होते. थोडक्यात, आधी आच तयार, मग पीठ ओलं.

आता उरलं एक सफरचंद. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, हे नको ना करू. तसंच खाऊ." त्याचं काही चुकत नव्हतं. मी त्याच्याकडे अर्धं मागितलं. त्याने विचार करून सगळंच दिलं, पण चुलीपाशी पहारा करायला बसला.

प्रयोग तिसरा. आधी निखारे केले. कुकरची शिटी आणि रबर काढलं, तळाशी बोटभर कोरडी वाळू पसरली, वर स्टँड ठेवलं, झाकण लावून दहा मिनिटं तापवलं. मगच पीठ ओलं केलं. मावशींनी स्वतःहून कुकरच्या झाकणावरही थोडे निखारे ठेवले. त्या पळसाच्या पानांत पानगे भाजतात, तेव्हा खालून-वरून निखारे असतातच. याचं शास्त्र असं की पावाच्या आत पाणी असल्यामुळे तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, पण साल खरपूस व्हायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. कुकरमध्ये वरून आच नसते, म्हणून पाव वरून पांढराफटक राहतो. झाकणावरच्या निखाऱ्यांनी ओव्हनचं काम केलं.

पन्नास मिनिटांनी सुरी घालून बघितली, कोरडी बाहेर आली. पाव फुगला होता! धाकट्याने पहिला तुकडा खाल्ला आणि म्हणाला, "सफरचंद लागतंय." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला अजून मिळालेलं नाही.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी :

साहित्य : मैदा आणि कणीक मिळून २०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, तेल पाव वाटी, आंबट ताक १५० मिलीलिटर, खाण्याचा सोडा सपाट अर्धा चमचा, आमचूर पावडर एक चमचा, दालचिनीची पूड एक चमचा, चिमूटभर मीठ, मध्यम सफरचंद एक. चमचा म्हणजे चहाचा.

कृती : कुकर (जुनाच घ्या) वर सांगितल्यासारखा तापवा. आत पाणी अजिबात घालू नका, आणि शिटी व रबर काढल्याशिवाय हा उद्योग करू नका. कोरडं सगळं एकत्र चाळा. ताक, तेल, साखर वेगळं घुसळा. सफरचंदाच्या लहान फोडी करून कोरड्या पिठात घोळवा. मग ओलं कोरड्यात ओता आणि दहा-बारा वेळाच ढवळा. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. जास्त घोटलं की गव्हातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि पाव रबरासारखा होतो. लगेच तेल लावलेल्या डब्यात ओतून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं ठेवा. थंड झाल्यावरच कापा.

कोणी विचारेल, दिवाळीत सातपुड्यात सीताफळं ढिगाने असतात, मग सफरचंदाचा हट्ट कशाला? मलाही तेच वाटलं होतं. पण सीताफळाचा गर तापवला की कडू होतो. तो पावावर वरून लावून खा, एकदम मस्त. पावाच्या आत पिकलेलं केळं चालेल.

होस्टेलमध्ये खोलीत शेगडी पेटवायला बंदी आहे, हे मला माहीत आहे (रेक्टर मॅडम, कृपया नोंद घ्यावी). पण मेसच्या काकांना विचारून बघायला हरकत नाही. सुट्टी संपवून निघताना मावशींनी मला आमचूराची पुडी दिली आहे. सोडा मेसमध्ये आहेच. सफरचंद कोण आणणार ते सांगा!