किलोमीटर नव्हे, जागेपणीचे तास मोजा

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींसमोर रात्री अकराच्या सुमारास हमखास दिसणारं दृश्य : डिकीत मखर, मागच्या सीटवर पिशव्या आणि पेंगणारी मुलं, आणि दिवसभर ऑफिस करून आलेला घरातला एकजण स्टिअरिंगवर. ‘रात्री रस्ता मोकळा असतो, सकाळी गावात’ हा हिशेब पिढीजात. त्यात एक आकडा मात्र धरलेला नसतो.

सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला निघतो, तेव्हा तो १७ तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं, की १७ तासांच्या जागरणानंतर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना होते तितकी खालावते. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला चालक लालबागहून निघतानाच धोक्याच्या रेषेपलीकडे असतो. पोलादपूरच्या पुढे घाट लागतो तेव्हा पहाट होत असते, आणि पहाटे दोन ते सहा ही शरीराच्या घड्याळाची सर्वांत गाढ झोपेची वेळ.

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन हे रसायन साचत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. दाब फार वाढला की डोळे उघडे असूनही मेंदू दोन-तीन सेकंद ‘बंद’ होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात तीन सेकंदांत गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं याचा उपयोग थोडाच वेळ होतो. कॉफी ॲडेनोसिनची वाट अडवते, पण तिला अर्धा तास लागतो. म्हणून कॉफी पिऊन गाडी सुरक्षित जागी लावावी, वीस मिनिटं डोळे मिटावेत आणि उठल्यावर पूर्ण हुशारी आल्यावरच निघावं.

घाई नसेल तर किनाऱ्याचा आडरस्ता हाही पर्याय आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा. मग अलिबाग, मुरूड. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी आणि दाभोळ-धोपावे या तीन खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या की गुहागर. वाट अरुंद, वळणांची आणि वेळखाऊ. पण प्रत्येक धक्क्यावर गाडीतून उतरून पाय मोकळे करता येतात. महामार्गावर दर दोन तासांचा थांबा स्वतः ठरवून घ्यावा लागतो. पावसाळ्यात बोटी हवामानावर अवलंबून असतात, त्यामुळे वेळा आदल्या दिवशीच विचाराव्यात.

वळणांवर गाडी लागते, कारण कान ‘हलतोय’ म्हणतो आणि मोबाइलवर खिळलेले डोळे ‘स्थिर आहोत’ म्हणतात. मुलांना दूर बाहेर पाहायला सांगावं. उलटीवरच्या आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. चालकाने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दुपारी दोन ते चारच्या दरम्यानही पेंग येते, त्यात जेवण भरपेट झालं तर जास्तच. शक्य असेल तर त्या वेळी दुसऱ्याने गाडी चालवावी.

आखणी उलटीकडून करावी. अंधार पडण्याआधी गुहागरला पोहोचायचं, तर पहाट सरल्यावर, सात-आठ तास झोपून निघायचं. एका दिवसात जमत नसेल तर श्रीवर्धन किंवा दापोलीला मुक्काम करावा.

संध्याकाळी व्याडेश्वराच्या देवळाजवळ गाडी उभी राहते, इंजिन बंद होतं, पलीकडून समुद्राची गाज ऐकू येते. ती ऐकायला सगळेजण धडधाकट पोहोचावेत म्हणून आदल्या रात्रीची झोप सामानाच्या यादीत पहिली लिहावी.