वायर तुटण्याआधी सूचना देते



आपल्याकडची अनेक मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी देवासहून किंवा धारहून मोटारसायकलने इंदूरला ये-जा करतात. गाडीतले पेट्रोल आणि चाकातली हवा सगळे पाहतात. नट-बोल्ट आणि वायरकडे मात्र काही तुटेपर्यंत कोणी पाहत नाही. मीही पाहत नव्हतो.

काही वर्षांपूर्वी इंदूरला जाताना क्षिप्रा गावाजवळ वेग कमी करत असताना माझ्या गाडीची क्लच वायर तुटली. सौ. मागे बसली होती. गाडी गिअरमध्येच झटका खाऊन बंद पडली. मागच्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक लावला म्हणून निभावले. त्याआधी पंधरा दिवस क्लच जड लागत होता, पण मी 'बघू रविवारी' म्हणत राहिलो.

ही वायर बारीक तारांच्या पिळाची असते. ती बहुधा लिव्हरजवळच्या टोकाशी, जिथे सारखी वाकते तिथे, एकेक तार करून तुटते. म्हणून क्लच जड लागणे, लिव्हर सोडल्यावर हळू परतणे किंवा टोकाशी सुटलेली तार दिसणे, या तिन्ही सूचनाच समजा. अशी वायर तेल घालून चालवू नका, बदला. खर्च फार नसतो.

महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, पंधरा मिनिटे काढा :

१. क्लच लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मि.मी. मोकळी चाल हवी. अजिबात नसेल तर क्लच घसरतो, जास्त असेल तर गिअर अडतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

२. गाडी मेन स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये ठेवून सुरू करा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. इंजिनाचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची वायर ताणली जात आहे. मेकॅनिकला दाखवा.

३. आरसे, फूटरेस्ट, साइड स्टँड, मडगार्ड, नंबर प्लेट आणि सायलेन्सर हाताने हलवून पहा. इंजिनाच्या कंपनाने हेच नट आधी ढिले होतात.

४. ढिला नट योग्य मापाच्या पान्याने आवळा, पण जोर करू नका. ॲल्युमिनियममधले आटे लगेच जातात. आवळलेल्या नटावर आणि शेजारच्या भागावर मिळून रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या महिन्यात रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे कळते.

चाकांच्या ॲक्सलचे नट, हँडलचे बोल्ट आणि ब्रेक यांत दोष वाटला तर घरी प्रयोग नको. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडलेले (सीबीएस) असतात. एकीकडचे सेटिंग बदलले तर दुसरीकडेही फरक पडू शकतो. हे काम जाणकारानेच करावे.

बँकेत रोज संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. एका रुपयाचा फरक असला तरी तो त्याच दिवशी शोधायचा. गाडीचा हिशेब महिन्यातून एकदाच करायचा आहे. येत्या रविवारी मुलांना सोबत घेऊन पाना हातात घ्या. पुढच्या वेळी ती स्वतःच करतील.