आपल्या मालाची खूण

आपण चांगला मसाला कुटतो. गिऱ्हाईक पुडीवरची खूण बघून तो घेते. उद्या दुसऱ्याने तीच खूण हलक्या मालावर छापली तर? नाव आपले बुडेल, पैसा त्याला मिळेल.

म्हणून खुणेची नोंद करावी. हिलाच ट्रेडमार्क म्हणतात. त्याचा कायदा १९९९ सालचा आहे. नुसते ‘तिखट मसाला’ चालत नाही. ते तर सगळ्यांचेच. नाव वेगळे हवे. ते आधी कुणी नोंदवले आहे का, हे बघावे. मग मुंबईच्या ट्रेडमार्क कचेरीकडे अर्ज करावा. संगणकावरून केला तर एकट्या धंदेवाल्याला एका वर्गाच्या मालासाठी ४५०० रुपये फी पडते. कचेरी अर्ज तपासून खूण आपल्या पत्रिकेत छापते. ४ महिन्यांत कुणाची हरकत आली नाही, तर नोंद होते. ती १० वर्षे टिकते. पुढे फी भरून वाढवता येते.

मग नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचता येते. माल मात्र आपण चोखच ठेवू या. खुणेला किंमत येते ती मालामुळेच.