दाट ऑइलचा हट्ट

‘आपल्याकडे ऊन किती, ऑइल दाटच हवे’ हा सल्ला गॅरेजमध्ये आजही सर्रास मिळतो. एके काळी तो बरोबर होता, म्हणूनच इतका चिवट आहे. अमेरिकेतल्या ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये ऑइलची प्रतवारी लावायला घेतली. तेव्हाच्या ऑइलला एकच आकडा पुरे असे. पण ऑइल गारठले की काकवीसारखे घट्ट होते आणि तापले की पातळ, म्हणून हिवाळ्याचे वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे घालावे लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर मल्टिग्रेड ऑइल रुळले. त्यातला पॉलिमर गारव्यात गुंडाळी करून पडून राहतो आणि उष्णतेत उलगडून दाटपणा सावरतो. ‘२०डब्ल्यू-४०’ मधला पहिला आकडा, विंटरच्या ‘डब्ल्यू’सकट, थंडीतल्या वागणुकीचा, दुसरा १०० अंश सेल्सियसला उरणाऱ्या दाटपणाचा. हा दुसरा आकडा १०० अंशांना बांधलेला आहे, हे ध्यानात घेतले की पुढचा बराच वाद मिटतो.

कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या जोडीची ॲम्बॅसेडर या दोघींची इंजिने मुळात जुन्या युरोपीय आराखड्यांची, कार्ब्युरेटरवर चालणारी. आजच्या मानाने त्यांच्या सुट्या भागांतल्या फटी सैल. तिथे दाट ऑइल शोभले आणि मिस्त्रींच्या दोन पिढ्या त्यावर शिकल्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढे फ्युएल इंजेक्शन आले, आणि इंजिनाच्या पोटातले ऑइलचे कामही वाढले. आज अनेक इंजिनांत तेच ऑइल चेनचा टेन्शनर ताणून धरते आणि बारीक वाटांतून जाऊन व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ पुढेमागे करते. पहाटे किल्ली फिरवली की रात्रभर चेंबरमध्ये उतरलेले ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत चढायला हवे. ते चढेपर्यंत धातूंच्या मध्ये उरते ती कालची पातळ ओल. झीज होते ती बरीचशी याच वेळात, आणि पातळ ऑइल तिथे लवकर पोहोचते.

नागपूरच्या ४५ अंशांचे काय? इंजिन नीट तापल्यावर कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास राखायचे काम थर्मोस्टॅट करतो. बाहेर १५ अंश असोत की ४५, बेअरिंगमधल्या ऑइलला सोसावी लागणारी उष्णता त्याहून कितीतरी वरची. घाटात भरल्या गाडीने किंवा उन्हातल्या कोंडीत ऑइल जास्त तापते, हे खरे. पण त्यासाठीच प्रतवारीत १५० अंशांवर, जोराच्या घर्षणाखाली घेतलेली आणखी एक कसोटी आहे. तीत २० ग्रेडला किमान २.६ आणि ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद टिकावे लागतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पातळ ऑइल कंपन्यांनी इंजिनाच्या भल्यासाठी नव्हे, मायलेजच्या सरकारी नियमांसाठी आणले. हे बऱ्याच अंशी खरेच आहे. अमेरिकेत असा कायदा १९७५ मध्ये झाला, आपल्याकडे तसे निकष २०१७ पासून लागू झाले, आणि पातळ ऑइल ढवळायला कमी इंधन लागते. एकाच इंजिनाला दोन देशांत वेगवेगळे ग्रेड सांगितलेले सापडतात, तेही याच कारणाने. पण यावरून निघते ते एवढेच, की पुस्तिकेत एकाहून अधिक ग्रेडना मुभा असेल, तर लांब घाट, ओझे किंवा ऑइल खाऊ लागलेले इंजिन यांसाठी त्यातला दाट ग्रेड निवडावा. पुस्तिकेबाहेरचे २०डब्ल्यू-५० नव्या इंजिनात ओतायचा परवाना यातून मिळत नाही. बेअरिंगच्या फटी आणि पंप त्या ऑइलसाठी बेतलेलेच नसतात.

आणि हेच उलट्या बाजूनेही लागू आहे. हौसेने जपलेल्या पद्मिनीत कोणी आधुनिक म्हणून ०डब्ल्यू-२० घातले, तर सैल फटींतून ऑइलचा दाब पडेल आणि गरम इंजिन आयडलिंगला आले की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकू लागेल. तिला २०डब्ल्यू-४० हवे, आणि शेजारी उभ्या नव्या हॅचबॅकला बहुधा तिच्या बॉनेटखालच्या ऑइलच्या झाकणावरच कोरलेले, तेवढे पातळ.