धुराड्याच्या आतला नळ

चिमणी म्हटलं की आपल्या परभणीकडं अजूनही रॉकेलचा दिवा डोळ्यापुढं येतो. म्हणून आज आपण धुराडं हाच शब्द वापरू. आणि बोलायचंय ते त्याच्या आत बसणाऱ्या नळाबद्दल.

आता कुणी म्हणेल, घरोघरी गॅस आला, मग धुराडं कशाला? आला, खरंच. पण अंघोळीचं पाणी, भाकरी, हुरड्याच्या दिवसांतला स्वयंपाक, यासाठी पऱ्हाट्या-तुराट्यांची चूल कितीतरी घरांत पेटतेच. थंडीत पारा दहाच्या खाली गेला की दारं-खिडक्या लावून घेतो, आणि धूर बसतो चुलीपुढच्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत.

हा प्रश्न नवा नाही. परभणी हैदराबाद राज्यात होती, त्या काळात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुढं १९८० च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. चुली बसल्या, पण बऱ्याच ठिकाणी नळ काजळीनं तुंबले, सांधे गळू लागले, आणि लोकांनी पुन्हा तीन दगड मांडले. म्हणजे चूल हरली नाही, धुराडं हरलं.

धुराडं ओढतं कसं? गरम धूर हलका, म्हणून वर चढतो. नळ जितका उंच आणि आतून जितका गरम, तितकी ओढ जास्त. नुसत्या विटांचं धुराडं उष्णता शोषतं, धूर निवतो, आणि ओल्या जळणाचा डांबरासारखा थर आत साचतो. हा थर कधीतरी पेट घेतो. वर माळवद असेल तर किलचणाच्या सागवानी फळ्या शेजारीच असतात! आतला नळ धूर गरम ठेवतो, विटांच्या भेगांपासून दूर ठेवतो आणि साफ करायला सोपा जातो.

आम्ही आमच्या जुन्या घरात नळ बसवला, त्याचा क्रम असा.

आधी धुराडं वरपासून खालपर्यंत घासून काढलं आणि विटांच्या भेगा बुजवल्या. मग चार इंची स्टेनलेस स्टीलचा नळ वरून सोडला. पीव्हीसीचा नळ चालत नाही, वितळतो. जुन्या चुलीला ॲस्बेस्टॉसचा नळ असेल तर तो कापू-फोडू नका, त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

जोड देताना वरच्या तुकड्याचं तोंड खालच्याच्या आत गेलं पाहिजे. उलटं केलं तर डांबर बाहेर ओघळतं. नळ आणि वीट यांत जागा मोकळी ठेवावी, कारण तापला की नळ फुगतो. लाकूड विटांच्या धुराड्यापासून किमान दोन इंच लांब हवं. त्या फटीत भुसा किंवा गोणपाट कोंबू नका, पत्र्यानं झाका.

नळ माळवदाच्या वर तीन फूट काढला. दहा फुटांच्या आत कठडा किंवा भिंत असेल तर तिच्याहून दोन फूट वर हवा, नाहीतर वारा धूर खाली लोटतो. वर पावसासाठी टोपी, खाली साफसफाईचं झाकण.

शेवटी दार उघडं ठेवून थोडा पालापाचोळा पेटवला आणि प्रत्येक सांधा पाहिला. आमचा एक सांधा गळत होता, तो तेव्हाच सापडला.

रोज चूल पेटत असेल तर महिन्याला एकदा काजळी काढा. जळण वाळलेलंच वापरा. आणि मंडळी, धुराडं झालं म्हणून साणं बुजवू नका. नळ कधी तुंबला तर विषारी वायूला वाट हवी, आणि तो वायू डोळ्यांना झोंबत नाही, दिसतही नाही.

नळ बसवणं एका दिवसाचं काम. तो साफ ठेवणं घरातल्या सगळ्यांचं, एकट्या चुलीपुढच्या बाईचं नव्हे.